टोचतंय का, म्हणून विचारलं तेव्हा

आमच्या बाई रोग्याला दोनच प्रश्न विचारायच्या. आधी, "झिणझिण्या आल्या का?" आणि मग थोड्या वेळानं, "टोचतंय का?" पहिल्याला हो यायला हवं आणि दुसऱ्याला नाही. एवढं जमलं की हात बधिर झाला असं धरायचं आणि सुरी उचलायची. मी शेजारी स्टुलावर वही घेऊन बसायचे आणि रोगी म्हणेल ते लिहायचे. दोन वर्षं इमानानं लिहिलं, असं तेव्हा मला वाटायचं. कसलं इमान नि कसलं काय! त्या वहीपायी माझा स्वतःचा उजवा हात जायची वेळ आली, तेव्हा कुठं डोळे उघडले.

बाई म्हणजे आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई. पुण्याच्या. घट्ट अंबाडा, नाकावर घसरलेला चष्मा, आणि आवाज असा की व्हरांड्यात झोपलेलं कुत्रंसुद्धा उठून बाजूला व्हायचं. दवाखाना राहात्याच्या बाजूला, कालव्याच्या मुलखात होता. चारी अंगांनी ऊस, आणि ऊस म्हटला की गुऱ्हाळं. चरकात ऊस सारता सारता डुलकी लागली, किंवा बैलांनी जरा ओढ घेतली, की बोटं आत गेलीच. हंगामात पटक्यात हात गुंडाळून कुणी आलं नाही असा आठवडा जायचा नाही.

मी शेवगावची. अब्बा पिंजारी, गाद्या-रजयांचा कापूस पिंजत गावोगाव फिरायचे. चौदाव्या वर्षी माझं लग्न झालं आणि सतराव्या वर्षी नवरा तापानं गेला. सासरच्यांनी बैलगाडीत घालून माहेरी आणून सोडलं. भाभी भाकरी वाढायची ती अशी, की गिळताना घशात अडकावी. अब्बांनी एक दिवस कुणाला न सांगता मला दवाखान्यात आणलं आणि नर्सिंग शिकायला बसवलं. परक्या बाप्यांच्या अंगाला हात लावणार म्हटल्यावर भाईजाननं सांगून टाकलं, "पुन्हा या दारात येऊ नकोस." पुढं अब्बाही गेले. म्हणजे मला दवाखाना सोडून दुसरं घर नव्हतं, आणि नर्सचा हातच कामाचा उरला नाही तर दवाखानाही नाही. हे मी सांगून ठेवते, म्हणजे पुढं मी इतकी भेकडासारखी का वागले ते कळेल.

बाईंना रोग्याला झोपवायची धास्ती बसली होती. मी यायच्या आदल्या वर्षी एक लेकुरवाळी आली होती, छातीत गळू झालेलं. तोंडावर जाळी धरून क्लोरोफॉर्म सोडला, तिनं पाच-सहा श्वास घेतले आणि गेली. सुरी अजून उकळत्या पाण्यातच होती. तिचं तान्हं मूल मांडीवर घेऊन बाई नातेवाईक येईपर्यंत बसून राहिल्या, असं म्हाताऱ्या सिस्टर सांगायच्या. त्या दिवसापासून बाईंनी ठरवलं की हाताच्या कामासाठी कुणाला झोपवायचं नाही, नुसता हातच बधिर करायचा.

ते असं. मानेच्या मुळाशी, हासळीच्या हाडाच्या वर बोटानं चाचपून सुई घालायची. हाताकडे जाणाऱ्या सगळ्या नसा तिथून जातात. सुईचं टोक नसेला लागलं की रोग्याला पार बोटांपर्यंत झिणझिण्या येतात. त्या आल्या म्हणजे जागा सापडली. तिथंच औषध सोडायचं. जरा खाली चुकलं तर फुप्फुस. म्हणून बाई सुई धरून श्वाससुद्धा जपून घ्यायच्या, आणि रोग्याच्या तोंडाकडे बघत पुन्हा पुन्हा विचारायच्या, "आल्या का? बघ बरं, आल्या का?" एरवी वाघीण, पण त्या वेळी आवाज असा मऊ व्हायचा की मला नवल वाटायचं.

औषध म्हणजे प्रोकेन नावाची पांढरी पूड. लढाईचे दिवस, डबा संपला की पुढचा कधी येईल सांगता यायचं नाही. म्हणून बाईंनी अभ्यास मांडला होता. कमीत कमी किती औषधात हात पुरता बधिर होतो? प्रत्येक रोग्याचं वय, अंगकाठी, किती औषध दिलं, किती वेळानं बधिर झाला, काय म्हणाला, हे सगळं माझ्या वहीत. एकाला ठीक झालं की दुसऱ्याला थोडं कमी. दर महिन्याला मी सुवाच्य नक्कल करायचे आणि बाई ती मुंबईला आपल्या गुरूंकडे पाठवायच्या. "तुझं अक्षर आहे म्हणून ते वाचतात," असं बाई एकदा म्हणाल्या. मी चार दिवस हवेत होते. आधी पिचकारी भरून लागायची, ती अर्ध्यावर आली होती, आणि बाई खूश होत्या.

त्या हिवाळ्यात शेवगावकडचाच एक माणूस आला. गुऱ्हाळावर मजुरीला आलेला, पन्नाशीचा, दोन बोटं चरकात चेंगरलेली. टेबलावर निजताना त्यानं बाईंना नमस्कार केला, मला केला, आणि टेबलालाही केला. बाईंनी सुई घातली.

"झिणझिण्या आल्या का?"

"आल्या जी."

इतक्या लगेच? सुई अजून नीट आत गेलीही नव्हती. पण मी लिहिलं, 'आल्या.' मग अर्धी पिचकारी, मग वाट बघणं, मग टाचणी.

"टोचतंय का?"

"न्हाई."

"इथं?"

"न्हाई जी, काईच न्हाई."

मी लिहिलं, 'पूर्ण बधिर.' बाईंनी काम सुरू केलं आणि तेवढ्यात माझ्या हातून पेन्सिल निसटून टेबलाच्या पायथ्याशी गेली. उचलायला वाकले आणि वर बघते तो त्याचे पाय समोर. दोन्ही पायांची बोटं आत वळलेली, नखं पांढरीफटक, आणि बोटांच्या चिमटीत खालची चादर गच्च धरलेली. मी उठून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड असं शांत, की जणू कुणाचं सुखदुःख ऐकतोय. मधे पडदा होता, बाईंना पलीकडून फक्त हात दिसत होता. मी तोंड उघडलं.

"वेळ लिहिलीस का?" बाईंनी विचारलं.

"लिहिली," मी म्हणाले. बस्स, तेवढंच.

आठव्या दिवशी टाके काढायला तो आला तेव्हा फडक्यात बांधून गुळाची ढेप घेऊन आला. बाईंच्या पाया पडला. व्हरांड्यात मी पट्टी बांधत होते, तेव्हा मला म्हणाला, "ताई, तुमी आपल्याच मुलखातल्या दिसता."

"शेवगावची. दादा, खरं सांगा, त्या दिवशी दुखलं का?"

तो हसला. "लई! जीव जातोय का ऱ्हातोय असं झाल्तं."

"मग न्हाई का म्हनलात?"

"अवो, ती माऊली इतक्या मायेनं पुन्ना पुन्ना इचारीत हुती. आपल्याला कुनी जेवाया वाढलं, तर भाजी अळनी हाय म्हनतो का आपन?"

"आणि झिणझिण्या?"

"त्या कशा असत्यात मला काय ठावं? बाईंना त्या आलेल्या पायजे हुत्या. म्हनलं, आल्या."

माझ्या हातातली पट्टी तशीच राहिली. या अल्ला! आमच्या लोकांची ही रीतच की. पाहुण्यानं अळणी म्हणायचं नाही, रोग्यानं दुखतं म्हणायचं नाही. दोन्ही प्रश्नांची कोणती उत्तरं बाईंना हवी आहेत ते त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असायचं, आणि वाचता न येणारा माणूससुद्धा ते वाचायचा. मग वहीतले बाकीचे? ती कोपरगावची म्हातारी, तो लोहार, ती दोन लेकरांची आई? किती जणांनी दात खाऊन सोसलं आणि मी 'पूर्ण बधिर' लिहून खाली रेघ मारली?

बाईंना सांगायला हवं होतं. त्याच दिवशी, त्याच पावली आत जाऊन. पण मी गेले नाही. दोन वर्षांची वही खोटी, आणि ती माझ्या अक्षरात. मुंबईला गेलेल्या सगळ्या नकला खोट्या. बाई काय म्हणतील? त्या दिवशी तुझ्या हातात पेन्सिल नव्हती का, तुला डोळे नव्हते का? उद्या सांगू, उद्या सांगू, असं करत मी पंधरा दिवस घालवले.  ऑपरेशनच्या खोलीत शिरले की मी आता तोंडाकडे बघतच नव्हते, काही ना काही निमित्तानं पायथ्याशी जायचे आणि चादर जरा सरकवायचे. काहींची बोटं सैल असायची. जास्त करून वळलेली. आणि तरी मी तोंडानं सांगितलेलंच लिहायचे. औषध आणखी कमी झालं, पाव पिचकारीच्या जवळ आलं. मी किती हलकट वागले ते मला तेव्हाही कळत होतं.

मग ते झालं. एका पू झालेल्या हाताची परीक्षा करून झाल्यावर टाचण्या पुसत होते, आणि एक टाचणी माझ्याच अंगठ्याजवळच्या बोटात गेली. उजव्या हाताच्या. मी बोट पिळलं, आयोडीन लावलं आणि विसरले. दुसऱ्या दिवशी ठणका. तिसऱ्या दिवशी बोट वांग्यासारखं फुगलं. चौथ्या दिवशी तळहात तटतटला, मनगटावर लाल रेघ चढली, काखेत अवधाणाची गाठ आली आणि अंगात ताप. सल्फाच्या गोळ्या चालू होत्या, पण बाईंनी हात पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"पू आत खोल आहे. बोट वाकवणारी जी दोरी असते ना, तिच्या म्यानात. आज चिरलं नाही तर बोट जाईल, आणि उद्यापर्यंत हात." मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. "आणि ऐक. चिरताना हलायचं नाही. दोरी तिथंच आहे. तिला सुरी लागली तर बोट असून नसल्यासारखं."

"बाई, औषध थोडं जास्त..." मी कसंबसं म्हणाले.

"अगं वेडे, घाबरतेस काय? तूच तर लिहिलंयस एवढं पुरतं म्हणून. तुझ्याच वहीनं ठरलंय."

 तीच वेळ होती. एक वाक्य बोलायचं होतं.  पण भाईजानचं दार डोळ्यांपुढं आलं, भाभीचं ताट आलं, आणि एका हातानं मी काय करीन हेही आलं.

टेबलावर निजले. मी रोज ज्या स्टुलावर बसायचे तिथं नवी सिस्टर माझी वही घेऊन बसली होती. बाई वाकल्या. त्यांच्या तोंडाला लवंगेचा वास येत होता. सकाळपासून माझ्या काळजीनं त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता. सुई आत गेली. खांद्यात कळ आली, खोल.

"झिणझिण्या आल्या का? बघ बरं."

आल्या का? ही कळ म्हणजे झिणझिण्या? दोन वर्षं मी हा शब्द लिहीत होते आणि तो काय असतो ते मला ठाऊक नव्हतं! बाईंच्या कपाळावर घामाचा थेंब, सुई धरलेली, श्वास धरलेला. डोळे माझ्या डोळ्यांत. इतक्या मायेनं माझ्याकडे माझ्या आईनंसुद्धा कधी पाहिलं नसेल.

"आल्या, बाई," मी म्हणाले.

वाट पाहिली. मग टाचणी.

"टोचतंय का?"

टोचत होतं. लख्ख टोचत होतं. मला सगळं माहीत होतं. होय म्हटलं की बाई आणखी औषध देतील, डब्यात पूड आहे, हात माझा जाणार आहे, सगळं. रोगी अडाणी म्हणून बोलला नाही असं मी मनाशी म्हणायचे. मी तर अडाणी नव्हते. आणि तरी माझ्या तोंडातून जे बाहेर पडलं ते असं :

"नाही, बाई."

"इथं?"

"नाही."

नव्या सिस्टरच्या पेन्सिलीचा आवाज मला ऐकू आला. माझ्या पायांची बोटं आत वळली, ती मी वळवली नाहीत. चादर त्यांच्या चिमटीत आली.

सुरी लागली आणि मी ओरडले. नुसतं ओरडून थांबले नाही, हात हिसकला. रक्त बाईंच्या चष्म्यावर उडालं. त्यांनी माझं मनगट दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"टोचत होतं?"

"होय."

"पहिल्यापासून?"

"होय, बाई."

"मग नाही का म्हणालीस?"

मी रडत होते, हात पेटला होता, आणि त्या तशात मी सगळं ओकले. पायांची बोटं, गुळाची ढेप, अळणी भाजी, कोपरगावची म्हातारी, पंधरा दिवस.  बाई म्हाताऱ्या सिस्टरांना म्हणाल्या, "ईथर आणा." ज्यांना कुणाला झोपवायची धास्ती होती, त्यांनी मला झोपवलं. 

शुद्धीवर आले तेव्हा हात पट्टीत होता आणि बाई माझ्या खाटेशी बसल्या होत्या, मांडीवर वही. आता सांगतील गाठोडं बांध म्हणून, मी डोळे मिटून घेतले.

"इतकी भीती वाटते माझी?"

"भीती वाटते, बाई," मी म्हणाले. "पण टेबलावर भीती नव्हती. तुमचं मन मोडवेना."

 त्यांनी वही माझ्या पोटावर उघडून ठेवली आणि माझ्या डाव्या हातात पेन्सिल दिली. "ज्यांच्या ज्यांच्या पायांची बोटं वळलेली आठवतात, त्यांच्यापुढे फुली कर. ज्यांचे पाहिले नाहीस, त्यांच्यापुढे गोल."

डाव्या हाताच्या फुल्या वेड्यावाकड्या आल्या. गोल तर फारच. शेवगावच्या त्या माणसाच्या पानावर आले तेव्हा मला फुली करता येईना, इतकं रडू आलं. पूर्ण बधिर अशी खात्रीची माणसं उरली नाहीत असं नव्हे, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. बाईंनी माझ्यासमोरच गुरूंना पत्र लिहिलं की आधी पाठवलेलं काही खरं धरू नका, कमी औषध कुणाला देऊ नका, चूक माझी आहे. माझं नाव त्यात नव्हतं. मी वाचून पाहिलं.

पाचव्या दिवशी पट्टी सोडली तर पू अजून तळहातात. दुसरी चीर द्यायला हवी होती. बाई म्हणाल्या, "ईथर पुन्हा नको. हात बधिर करू. औषध पुरतं देईन. पण तू खरं बोलशील का?"

"बोलेन."

पुन्हा तेच टेबल, तोच लवंगेचा वास. "झिणझिण्या आल्या का?"

"नाही, बाई." सांगते तुम्हाला, एवढे दोन शब्द बोलायला मला जो जोर लागला तो बाळंतिणीला लागत नसेल. त्यांनी सुई जरा मागं घेऊन तिरकी केली. "आल्या?" "नाही." पुन्हा. "नाही." चौथ्या वेळी खांद्यापासून पार करंगळीपर्यंत सर्रकन काहीतरी धावलं आणि मी ओरडलेच, "आल्या! या अल्ला, आल्या!" अशा असतात होय? मला हसू यायला लागलं.

मग टाचणी. "टोचतंय का?" "होय." थांबलो. "आता?" "होय, थोडं." थांबलो. हात जड झाला, मग कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा शेजारी पडून राहिला. टाचणी लागताना दिसत होती आणि कळत नव्हती.

"नाही, बाई. आता खरंच नाही."

मी आनंदानं त्यांच्याकडे मान वळवली, त्यांनी माझं तोंड बघावं म्हणून. पण बाई तिथं नव्हत्या. त्या टेबलाला वळसा घालून माझ्या पायथ्याशी गेल्या होत्या. त्यांनी चादर वर केली आणि माझ्या पायांच्या बोटांकडे बघत उभ्या राहिल्या. बोटं सैल होती, मी मुद्दाम हलवूनही दाखवली. तरी त्या बघतच राहिल्या.

माझा हात वाचला. ते बोट मात्र पुरतं मिटत नाही, हे लिहितानाही पेनाला टेकून सरळच राहिलंय. त्यानंतर मी बाईंजवळ पुष्कळ वर्षं काढली, त्यांनी मला मुलीसारखं वागवलं, शेवटच्या आजारात माझ्याच हातचं पाणी प्यायल्या. पण माझं डोकं दुखतंय का, मी जेवले का, असं काही त्यांनी विचारलं आणि मी नाही किंवा हो म्हटलं, की त्यांची नजर आधी खाली माझ्या पायांकडे जायची.